तलवारींची दुर्री

मला एकटीला राहायला फार आवडतं, असं मी गेली कित्येक वर्षं सगळ्यांना सांगत आले आहे. अडचण एवढीच, की ते ऐकायला समोर कुणीतरी लागतं.

तर झालं असं, की मैत्रिणींनी चार दिवस कुठंतरी जायचं ठरवलं आणि नेमके त्याच चार दिवसांत घरातली मंडळीही बाहेरगावी निघाली. म्हणजे एकीकडे मैत्रिणी आणि दुसरीकडे रिकामं घर, अख्खा सोफा, आणि 'माझा चार्जर कुणी घेतला?' असं विचारायला कुणीही नाही. एरवी मागून न मिळणाऱ्या या दोन गोष्टी एकदमच दारात येऊन उभ्या राहिल्या. ग्रुपवर विचारणा झाली, "येतेस ना?" मी लिहिलं, "सांगते." त्या 'सांगते'ला आता अकरा दिवस झाले होते. बाकी पाचजणींचे अंगठे केव्हाच आले होते. (अंगठा दाखवणे म्हणजे नकार, असं शाळेत शिकलेल्या माणसाला हेसुद्धा दोनदा तपासून घ्यावं लागतं.)

अशा नाजूक वेळी माझी भाची आली. ती नुकतीच टॅरो, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून भविष्य सांगणं, शिकली आहे आणि नव्याने गाडी शिकलेल्या माणसासारखी कुणाला कुठं सोडू, एवढंच बघत असते.

"मावशी, दोन कार्डं काढ."

"मी जाऊ की नको, एवढंच विचार त्यांना."

"असं हो की नाही विचारायचं नसतं गं. प्रश्न खुला ठेवायचा असतो."

प्रश्न खुला ठेवण्यात माझा हात कोण धरणार! मी पत्ते पिसायला घेतले. टॅरोची पानं असतात ७८, आणि आकाराने चांगली ऐसपैस. तेवढी एका वेळी हातात मावायला हात तरी बॉक्सरचा हवा. निम्मी खाली सांडली. उरलेल्यांतून डोळे मिटून दोन ओढली आणि टेबलावर मांडली.

पहिलं निघालं हर्मिट, म्हणजे एकांतात राहणारा साधू. नवव्या क्रमांकाचं पान. करड्या झग्यातला म्हातारा बर्फाच्या शिखरावर एकटाच उभा, एका हातात काठी, दुसऱ्यात कंदील, कंदिलात सहा टोकांचा तारा. दुसरं निघालं टू ऑफ सोर्ड्स, म्हणजे आपल्या भाषेत तलवारींची दुर्री. दगडी बाकावर पांढऱ्या कपड्यातली एक बाई, डोळ्यांवर पट्टी, छातीवर हातांची फुली, दोन्ही खांद्यांवरून वर गेलेल्या दोन लांब तलवारी, पाठीमागे समुद्र आणि वर चंद्रकोर.

भाचीने बराच वेळ पानांकडे पाहिलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "मावशी, तुला एकांत हवाय. पण तुझा निर्णय होत नाहीये."

"अगं, हे मीच तुला मघाशी सांगितलं!"

"बघ! कार्डं किती बरोबर आलीत."

डॉक्टरांना 'ताप आहे' म्हणून सांगावं, त्यांनी नाडी धरावी, डोळे मिटावेत आणि म्हणावं, 'तुम्हाला ताप आहे', त्यातला हा प्रकार. बरं, ७८ पानांतून दोन-दोनच्या जोड्या लावायच्या तर ३,००३ होतात. मला त्यातली नेमकी हीच मिळावी! "कार्ड उत्तर देत नाही, आरसा दाखवतं," असं भाचीचं म्हणणं. आरसा बाथरूममध्ये आहे आणि तो मी रोज बघते.

त्यात आणखी एक भानगड निघाली. पान उलटं पडलं की अर्थ बदलतो. आम्ही बसलो होतो समोरासमोर. मला सुलट दिसणारा म्हातारा तिला शीर्षासनात दिसत होता. पानं काढणारी मी, वाचणारी ती, मग सुलट कुणाच्या बाजूने धरायचं? शेवटी मी उठून तिच्या शेजारी जाऊन बसले, तर आता दोघींनाही उलटा दिसायला लागला. "आता तू जागा बदललीस ना, ते धरायचं नाही," भाची म्हणाली. अशी पळवाट न्यायालयातसुद्धा मिळत नाही.

मग मी स्वतःच शोधाशोध सुरू केली. निर्णय टाळण्यासाठी अभ्यासासारखं साधन नाही. हा चित्रसंच १९०९ साली लंडनमध्ये निघाला. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. या बाईंनी त्याच वर्षी एका पत्रात, फार मोठं काम फार थोड्या पैशांत उरकल्याचं लिहून ठेवलंय. दुर्रीतल्या बाईच्या डोळ्यांवर पट्टी का, याचा मला तिथे उलगडा झाला. तेवढेच दोन डोळे काढायचे वाचले.

खरा धक्का वेटसाहेबांच्या पुस्तकाने दिला. या दुर्रीचे त्यांनी दिलेले अर्थ समतोल, धैर्य, मैत्री, झालंच तर जिव्हाळा असे आहेत. अनिर्णयाचं तिथे नावसुद्धा नाही. तो नंतरच्या लोकांनी तिच्या गळ्यात घातला. आणि शांत, सात्त्विक दिसणाऱ्या आमच्या म्हाताऱ्याच्या नावावर सावधगिरीबरोबर चक्क विश्वासघात, ढोंग आणि लबाडी! म्हणजे मूळ ग्रंथाप्रमाणे माझी जोडी झाली मैत्री आणि दगा. आता दगा मी मैत्रिणींना देणार, की त्या मला नेऊन तिथे चारही दिवस सगळ्यांचे फोटो काढायला लावणार? भाचीला विचारलं तर म्हणाली, "ते तुझ्या अंतर्मनाला विचार." अंतर्मनाचा फोन अकरा दिवस एंगेज लागत होता.

आणखी मागे गेले. टॅरोचा जन्म पंधराव्या शतकात, उत्तर इटलीत, आणि तोही साध्या पत्त्यांच्या खेळासाठी. भविष्याचा नाद त्याला खूप उशिरा, अठराव्या शतकात फ्रान्समध्ये लागला. १७८१ साली तिथल्या एका विद्वानाने ही पानं म्हणजे प्राचीन इजिप्तचं ज्ञानभांडार असल्याचं छापून टाकलं. इजिप्तची लिपी तेव्हा कुणालाच वाचता येत नव्हती. ती उलगडली १८२२ साली. इतक्या आत्मविश्वासाने मला निदान 'येते' एवढं तरी लिहिता यायला हवं होतं.

त्या जुन्या इटालियन पानांवर या म्हाताऱ्याच्या हातात कंदील नसायचाच मुळी, वाळूचं घड्याळ असायचं. तो साधू नव्हता, काळ होता! म्हणजे इतका वेळ मी ज्याला 'राहा गं एकटी' असा आशीर्वाद देणारा समजत होते, तो 'तिकिटं संपत आली, बोल लवकर' म्हणत होता.

आणि खेळात तर या दोन पानांचा निकाल लागायला क्षणही लागला नसता. म्हातारा हुकमाचा. दुर्री ती दुर्री. त्याने तिला मारलं, हात उचलला, पुढची उतारी.

भाची कंटाळून घरी गेली. मी मात्र त्या बाईकडे बघत बसले. आणि मनात आलं, ही बसते तरी कशी? घरात तलवारी नव्हत्या, छत्र्या होत्या. दोन लांब दांड्याच्या छत्र्या घेतल्या, ओढणीने डोळे बांधले, हातांची फुली केली आणि खुर्चीत ताठ बसले. मिनिटभर फार छान वाटलं. मग दंड भरून आले. मग छत्रीची काडी कानाला टोचायला लागली. नाकाला खाज सुटली. बघणाऱ्याला वाटावं, काय निवांत बसलीय बाई! इथे मनगटं थरथरत होती. अकरा दिवस मान का आखडलीय ते मला त्या खुर्चीत कळलं.

आणि फोन वाजला. अर्थात मैत्रिणीचा, दुसरं कोण करणार होतं? एक छत्री खाली ठेवायला हवी. पण हातांची फुली असल्याने डाव्या खांद्यावरची छत्री उजव्या हातात आणि उजव्या खांद्यावरची डाव्या. आधी कुठली सोडू? फोन वाजत राहिला.

तेवढ्यात दार उघडल्याचा आवाज आला, पावलं जवळ आली आणि थांबली. आमच्या घरात प्रश्न विचारायची पद्धत राहिलेली नाही, तरी नवऱ्याने थोडा विचार केला असावा.

"यातली माझी कोणती?"

"मला दिसत नाहीये."

त्याने माझ्या उजव्या हातातली एक काढून घेतली आणि तो पुन्हा बाहेर गेला. बाहेर पाऊस सुरू झाला असणार. मोकळ्या हाताने मी चाचपडत फोन कानाला लावला.

"हं, काय ठरलं गं तुझं?"

"थांब जरा," मी म्हटलं, "एक अजून हातात आहे."