मुरूम, माती आणि एका आष्टीकरांचा राग

राम राम दादा,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. नाव दिलं नाहीत, खाली नुसतं 'एक आष्टीकर' आहे, म्हणून दादाच म्हणतो. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की दिवसाचं ऊन आणि रात्रीची थंडी यांनी खडक तडकतो, त्याची माती होते आणि एक सेंटिमीटर माती व्हायला शेकडो वर्षं लागतात; शेवटी माती वाहून जाण्याचा दोष ट्रॅक्टरच्या नांगरटीला दिला होता. त्यावर दादा म्हणतात: "परभणीच्या काळ्या रानात बसून माती शिकवू नका. आमच्या माळावर विहिरीचा मुरूम पसरला, वरून तलावातला गाळ टाकला, चौथ्या साली हरभरा घेतला. कुठं गेली तुमची शेकडो वर्षं? उन्हानं खडक फुटत असता तर वेरूळचं कैलास कधीच मातीत गेलं असतं. विदारण अन् धूप यातला फरक तुम्हाला कळत नाही, अन् शेवटी खापर ट्रॅक्टरवाल्यावर."

फरकाचं म्हणणं पटलं. खडक जागच्या जागी कुजतो ते विदारण, आणि कुजलेलं पाण्यानं-वाऱ्यानं उचलून नेलं की ती धूप. मी दोन्हीला 'झीज' म्हणत गेलो आणि घोळ झाला. लेखात दुरुस्ती केली आहे. उन्हाबद्दलही तुम्ही बरोबर आहात. शाळेत पाठ केलेलं वाक्य हातून उतरलं. आपल्या काळ्या पाषाणावर खरं काम पाणी करतं, ऊन नुसतं हातभार लावतं.

हे मला पुस्तकापेक्षा विहिरीनं जास्त नीट शिकवलं. गेल्या उन्हाळ्यात पाहुण्यांकडे नवी विहीर चालू होती. यारीवाल्याच्या (विहिरीतला दगड-माती वर ओढणारं यंत्र चालवणाऱ्याच्या) हातापाया पडून खाली उतरलो. वर चार-पाच हात काळी माती, तिच्या भेगा आत कुठवर गेल्यात ते दिसत होतं. तिच्याखाली चुनखडीचे पांढरे खडे, मग पिवळट मुरूम. मुरमात नारळाएवढे, कलिंगडाएवढे गोल गोटे बसलेले. एकाला नख लावलं तर कांद्यासारखा पापुद्रा सुटला, त्याच्याखाली दुसरा, मग तिसरा. आतला गाभा मात्र पहारीला दाद देईना. त्याच्याही खाली मांजऱ्या खडक आणि शेवटी तो काळा पाषाण, ज्याला सुरुंगाशिवाय इलाज नाही.

ते गोटे नदीनं गोल केलेले नाहीत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना आकसला, त्याला उभ्या-आडव्या चिरा पडल्या, खडकाचे चौकोनी ठोकळे झाले. पाणी चिरांतून उतरलं. ठोकळ्याच्या सपाट बाजूला ते एकाच अंगानं भिडतं, कडेला दोन अंगांनी, कोपऱ्याला तीन. म्हणून कोपरे आधी कुजतात आणि चौकोनी दगड बसल्या जागी गोल होतो.

आणि हे पाणी साधं नसतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो, मातीत मुळांच्या श्वासातला त्याहून कितीतरी जास्त. पाणी किंचित आंबट होतं. त्या आंबटपणानं दगडातली खनिजं सुटतात आणि त्यांची चिकणमाती होते. लोखंड गंजतं, म्हणून मुरूम पिवळा-तांबूस दिसतो. दगडातला चुना पाण्याबरोबर खाली उतरतो, पण आपल्याकडे पाऊस सातशे-आठशे मिलिमीटरचा, त्याला पार वाहवून न्यायला पाणी पुरत नाही. मग तो वाटेतच बसतो, तीच ती चुनखडी. खड्यावर लिंबू पिळून बघा, फेस येतो. सह्याद्रीपलीकडे खडक हाच, पण पाऊस तिपटी-चौपटीचा. तिथं चुनाच काय, सिलिकाही धुऊन जाते, उरतं ते लोखंड आणि ॲल्युमिनियम, आणि कोकणी माणूस त्या जांभ्याचे चिरे काढून घर बांधतो. आईबाप एकच, पण एक पोर काळं आणि दुसरं तांबडं.

आता तुमचा हरभरा. दादा, मुरूम म्हणजे अर्धी शिजलेली माती. तुमच्या विहिरीतून निघाला तेव्हाच तो लाखो वर्षं जमिनीखाली कुजत पडलेला होता. तुम्ही तो उघड्यावर पसरलात, चार पावसाळे-उन्हाळे त्यानं भिजून-वाळून अंग सोडलं, ढेकळं फुटली. इतकं खरंच चार वर्षांत होतं, ते मी नाकारत नाही. पण त्याच विहिरीच्या तळाचा काळा पाषाण फोडून पसरला असता तर तुमच्या नातवालाही त्यात हरभरा दिसला नसता.

शिवाय गाळ. तुम्ही ते एका शब्दात उरकलंत, पण माझं सगळं लक्ष तिथंच अडकलं. तलावातला गाळ म्हणजे वरच्या अंगाच्या रानांची वरची माती, पावसानं खरडून आणलेली. तुम्ही माती तयार केली नाही, गेलेली परत आणली. चांगलंच केलंत, डिझेल तुमचं जळलं. पण ही शेकडो वर्षं कुठं गेली असं विचारता, तर ती तुमच्या ट्रॉलीतच होती.

कैलास लेण्याचा मुद्दा मला सगळ्यात आवडला, कारण त्याचं उत्तर तुमच्या माळालाच लागू पडतं. आठव्या शतकातलं काम, आणि टाकीचे घाव अजून दिसतात. का? कारण उभ्या भिंतीवर पाणी टिकत नाही. पाऊस पडला की निथळून जातो आणि वर्षातले आठ महिने दगड कोरडा. माती नाही, मूळ नाही. जिथं चिरेतून पाणी झिरपत राहतं तिथं लेण्यातलाही खडक कुजतोच. उलट मातीखालचा खडक महिनोन् महिने ओला असतो आणि मुळं त्याला आंबट पाणी पाजत राहतात. म्हणजे अंगावर थोडी माती असलेला खडक उघड्या खडकापेक्षा लवकर कुजतो. ज्या माळावरची माती धुपून खडक उघडा पडला, तिथं आहे ती माती तर गेलीच, नवी होण्याचा वेगही मंदावला. बालाघाटाच्या डोंगरांवरच्या बरड रानांचं दुखणं हे आहे, आणि ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय.

राहिला ट्रॅक्टर. दोष यंत्राचा नाही, तासाच्या (नांगरानं पडणाऱ्या सरीच्या) दिशेचा आहे. बैल उताराला आडवे चालायचे, चढावर त्यांचा दम जायचा म्हणून. ट्रॅक्टरला दम लागत नाही. ड्रायव्हरला वळणं कमी हवीत, म्हणून तो रानाच्या लांब बाजूनं तास काढतो. ती बाजू उताराची निघाली की प्रत्येक तास म्हणजे तयार पाट. आणि हे काही तुमच्या एकट्याच्या माळाचं नाही. 'काळ्या रानात बसून' म्हणालात ना? काळी रानं दिसायला सपाट, पण धुपीला लै नाजूक. कोरडं ढेकूळ पहिल्या सरीला पाण्यात टाकलेल्या बिस्किटासारखं विरघळतं. मग ओली काळी फुगते, भेगा मिटतात, पाणी आत जायचं थांबतं आणि वरून पळायला लागतं. त्यातून रब्बी ज्वारीसाठी रान अख्खा पावसाळा मोकळं ठेवायची आपली जुनी चाल. उघड्या रानावर थेंबाचा मार थेट बसतो.

माझ्या स्वतःच्या बांधालगत एक बाभूळ आहे, वडिलांनी पस्तीस वर्षांपूर्वी राखलेली. तिची मुळं आता जमिनीच्या चार बोटं वर उघडी आहेत. चार बोटं म्हणजे सात सेंटिमीटर धरा, वर्षाला दोन मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही. पण एकरावर दोन मिलिमीटर म्हणजे आठ घनमीटर, जवळपास तीन ब्रास. दरवर्षी एकरी तीन ट्रॉल्या माती आमच्या रानातून ओढ्याला जाते, आणि आमच्याच गावात वीतभर बांध कोरला म्हणून दोन भाऊ कोर्टाच्या तारखा करतायत. (त्यांनी हे वाचू नये.)

एका झाडावरून एवढं बोलू नये, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणतो. म्हणून यंदा मी रानात हातभर लांबीच्या सहा सळया ठोकल्या आहेत, जमिनीच्या पातळीला रंगाची खूण करून. तुम्हीही ठोका. खूण उघडी पडली तेवढी माती गेली, बुडाली तेवढी आली. दोनच गोष्टी सांभाळा. सळई उताराच्या मध्यावर हवी, खालच्या बांधाजवळ नको, तिथं माती साचते आणि आकडा उलटा येतो. आणि मोजायचं ते दरवर्षी मे महिन्यातच. ओली काळी फुगून वर येते, दिवाळीत मोजाल तर माझं रान वाढलेलं दिसेल आणि तुम्ही पुन्हा मला धराल.