डिकीत काय आहे?

भाच्याला सिनेमाच्या कोर्सात 'सुरुवातीच्या दृश्याचं विश्लेषण करा' असा स्वाध्याय मिळाला आणि शिक्षा बेळगावातल्या आमच्या अख्ख्या घराला झाली. सिनेमा ऑर्सन वेल्सचा, १९५८ चा 'टच ऑफ ईव्हिल'. दृश्य तीन मिनिटांहून थोडं जास्त. आम्ही ते दिवेलागणीला लावलं. जेवणं आटोपली तरी गाडी सीमेच्या नाक्यापर्यंत पोचली नव्हती. रिमोट भाच्याच्या हातात होता.

घडतं ते असं. एक हात बॉम्बचं घड्याळ लावतो. माणूस पळत जाऊन तो बॉम्ब एका उघड्या टपाच्या गाडीच्या डिकीत ठेवतो. गाडीत जोडपं येऊन बसतं, कॅमेरा क्रेनवरून घरांच्या छपरांपर्यंत चढतो, पुन्हा रस्त्यावर उतरतो. मधे शेळ्या आडव्या येतात. शेजारून नवं लग्न झालेलं दुसरं जोडपं पायी चाललेलं. सगळे मेक्सिको ओलांडून अमेरिकेत शिरतात, तोवर एकही कट नाही, सगळा एकच सलग शॉट. पहिला कट थेट स्फोटावर.

"मामा, इथं काय दिसलं?"

"गाडी."

"आणि?"

"शेळ्या."

"म्हणजे फ्रेममधल्या अडथळ्यांनी ताण वाढतो, असंच ना?" असं म्हणून त्यानं लिहूनही टाकलं. माझ्या नावावर इतका हुशार विचार पहिल्यांदाच जमा होत होता, म्हणून मी गप्प बसलो.

मग तो म्हणाला, खरी गंमत म्हणजे बॉम्बचं आपल्याला माहीत, गाडीतल्यांना नाही. हे मात्र सगळ्यांना पटकन कळलं. दादा गोव्याहून चोर्ला घाटानं परततो तेव्हा कणकुंबीच्या तपासणी नाक्यावर आमच्या गाडीत असाच ताण असतो.

"तसं नव्हे, भावजी," वहिनी म्हणाल्या. "ह्यांना डिकीतलं सगळं माहीत असतंय. मागं बसलेल्या मलाच माहीत नसतंय." सस्पेन्स आणि धक्का यांतला फरक इतका स्वच्छ त्या भाच्याच्या नोट्समध्येसुद्धा नव्हता. दादा पाणी प्यायला उठला.

भाच्यानं तेच दृश्य दुसऱ्यांदा लावलं, कारण त्याच्या दोन आवृत्त्या आहेत. स्टुडिओनं या शॉटवर श्रेयनामावली आणि हेन्री मॅन्सिनीचं संगीत चढवलं होतं. वेल्सनं सिनेमाच्या संकलनाबद्दल ५८ पानांचं टिपण लिहिलं. त्याच्या आधारानं १९९८ साली संकलक वॉल्टर मर्चनं नवी आवृत्ती केली, तेव्हा वेल्स जाऊन तेरा वर्षं झाली होती. त्यात नावं नाहीत. रस्त्यावरच्या दुकानांतून, गाडीच्या रेडिओतून येणारं संगीत तेवढं ऐकू येतं. जाणकारांना हीच भावते. मला पहिली आवडली, निदान वाचायला काहीतरी होतं.

नाक्यावर गाडीतली बाई अधिकाऱ्याला सांगते की डोक्यात टिकटिक वाजतेय. आई ताडकन उठून बसली. "बाई बिचारी सांगायलीय, खरं एक तरी ऐकतोय काय बघ!"

तो अधिकारी झालेला नट म्हणे आपलं वाक्यच विसरायचा, आणि दर वेळी पूर्ण शॉट पहिल्यापासून. रात्र सरत आली तेव्हा वेल्सनं त्याला सांगितलं, नुसते ओठ हलव, आवाज मागाहून भरू.

"ह्यात काय विशेष?" आई म्हणाली. "तुझा मामा कोगनोळीच्या नाक्यावर तेच करतोय. तो पोलीस कन्नडात विचारतोय, ह्यो नुसते ओठ हलवतोय. सोडतात की!"

भाच्यानं तेवढं एक वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.