‘ग’चा ‘ह’ होतो तिथे

टॉलस्टॉय वाचा, दस्तयेव्स्की वाचा, रशिया कळेल; आणि रशिया कळला की युक्रेन वेगळं कळून घ्यायची गरज उरत नाही. पुण्या-मुंबईकडून हा युक्तिवाद मी राहतो त्या बर्लिनपर्यंत ठरावीक अंतराने येऊन पोचतो. बोलणारी माणसं न वाचणारी असती तर सोडून देता आलं असतं. पण ही ‘अ‍ॅना कारेनिना’ दोनदा वाचलेली, लोकवाङ्मय गृहातून ‘प्रगती’ आणि ‘रादुगा’ची स्वस्त, जाड पुठ्ठ्याची पुस्तकं घरी आणून वाढलेली माणसं आहेत. पुढचं वाक्य ठरलेलं असतं: शेवटी रशिया आपला जुना मित्र. म्हणजे खटला साहित्याचा चालवायचा आणि निकाल मैत्रीवर द्यायचा.

मैत्रीचं आधी उरकतो. भारतीय हवाई दलाने शंभराहून अधिक घेतलेली एएन-32 विमानं कीव्हच्या अंतोनोवची. ‘तलवार’ वर्गाच्या युद्धनौका ज्या गॅस टर्बाइनवर चालतात ती मिकोलाइवच्या कारखान्यातली. कीव्ह आणि मिकोलाइव ही दोन्ही शहरं युक्रेनमध्ये आहेत. जुना मित्र होता तो सोव्हिएत संघ, पंधरा प्रजासत्ताकांचा. आपण सातबाऱ्यावर एकाच भावाचं नाव चढवून मोकळे झालो.

आता पुस्तकं. सुरुवातीलाच पाय अडकतो तो नावांत. रशियनमधला ‘ग’ युक्रेनीत ‘ह’ होतो: गोगोल तिकडे होहोल. हा ‘ह’ घोष आहे, म्हणजे अगदी आपल्या ‘हात’ किंवा ‘हळद’मधला. इथे जर्मनांची जीभ त्यावर घसरते, कारण त्यांचा ‘ह’ नुसता श्वास. मराठी माणसाला तो फुकट मिळालेला आहे. शहरांच्या नावांत ‘ओव’चा ‘इव’ होतो: खारकोव–खार्किव, ल्वोव–ल्विव. माणसांची नावंही फिरतात, व्लादिमीर तिकडे वोलोदिमिर. एकच ल्विव तुम्हाला पोलिश पुस्तकात ल्वुव म्हणून भेटेल आणि ऑस्ट्रियन काळाच्या पुस्तकात लेंबर्ग म्हणून. पुस्तकाच्या शेवटच्या पानाला एक चिठ्ठी लावा आणि प्रत्येक शहराची तीन-चार नावं तिच्यावर लिहीत जा. नाही तर दीडशे पानांनंतर एकच शहर दोनदा जिंकलं गेल्यासारखं वाटतं. तारखांचंही तसंच. ऑक्टोबर क्रांती जुन्या पंचांगाने 25 ऑक्टोबरची, नव्याने 7 नोव्हेंबर 1917 ची. एकोणिसाव्या शतकात हा फरक 12 दिवसांचा आणि विसाव्यात 13 दिवसांचा. फेब्रुवारी 1918 मध्ये रशियाने पंचांग बदललं. लेखकाने कुठली तारीख धरली आहे हे प्रस्तावनेत असतं, आणि प्रस्तावना आपण वाचत नाही.

त्याहून मोठी गल्लत ‘रूस’ आणि ‘रशिया’ या शब्दांची. कीव्हच्या मध्ययुगीन राज्याचं नाव रूस. ‘रोस्सिया’ हे साम्राज्याचं अधिकृत नाव झालं ते 1721 मध्ये, झार पीटरच्या काळात. इंग्रजीतून वाचताना दोन्हींचं विशेषण बहुधा एकच होतं आणि तिथेच हजार वर्षांचा इतिहास मॉस्कोच्या खात्यात जमा होतो. 862 साली रूरिक या व्हायकिंग सरदाराला राज्य करायला बोलावलं, ही गोष्ट ज्या इतिवृत्तातून येते ते साधारण 1113 च्या सुमारास रचलं गेलं, आणि त्याची हाती असलेली सर्वांत जुनी तारीखवार प्रत 1377 ची. म्हणजे घटनेनंतर अडीचशे वर्षांनी रचना आणि त्यानंतर आणखी अडीचशे वर्षांनी नक्कल. इतिहासकार राजवाड्यांनी ज्या लोकांना बखर आणि अस्सल कागद वेगळे ठेवायला शिकवलं, तेच लोक हे 862 असं फेकतात जणू रूरिकच्या सहीचं पत्र भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. 1654 चा, कोसॅक आणि मॉस्कोचा झार यांच्यातला पेरेयास्लावचा करारही याच जातीचा. त्याचा मूळ कागद उपलब्ध नाही, मसुदे आणि नकलाच आहेत. 1954 मध्ये मात्र सोव्हिएत सत्तेने त्याची तीनशे वर्षं ‘पुनर्मीलन’ म्हणून वाजतगाजत साजरी केली. ‘पुनर्’ हा उपसर्गच सगळा दावा करतो.

म्हणून एका पुस्तकावर थांबू नका. सेर्ही प्लोखी यांचं ‘द गेट्स ऑफ युरोप’ (2015) आधी घ्या. ते हेरोडोटसपासून सुरू होतं आणि नकाशे चांगले आहेत. पण नुसतं तेच वाचलं तर सगळी वाट स्वतंत्र युक्रेनकडेच जात होती असं वाटू लागतं, देशाचा इतिहास लिहिणाऱ्या कुठल्याही पुस्तकाचा हा दोष असतो. तो उतरवायला त्यांचंच ‘लॉस्ट किंगडम’ (2017) घ्या, त्यात रशियन राष्ट्रवाद स्वतःला काय समजत आला ते आहे. सोव्हिएत काळासाठी टेरी मार्टिन यांचं ‘द अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शन एम्पायर’ (2001). हे जड आहे, पण 1920 च्या दशकात बोल्शेविकांनीच युक्रेनी शाळा, वर्तमानपत्रं, पुस्तकं वाढवली आणि पुढच्या दशकात त्याच माणसांना संपवलं, हा उलटा प्रवास त्यात कागदपत्रांसह सापडतो. ‘लेनिनने युक्रेन बनवलं’ म्हणणारे आणि ‘सोव्हिएत म्हणजे फक्त दडपशाही’ म्हणणारे, दोघांनाही ते पुस्तक अडचणीचं आहे. टिमोथी स्नायडर यांचे येल विद्यापीठातले 2022 चे वर्ग फुकट पाहता येतात. ऐकताना नकाशा समोर हवाच.

दुष्काळाचा विषय सर्वांत काळजीने वाचावा लागतो. 1932–33 मध्ये युक्रेनमध्ये 35 ते 40 लाखांच्या आसपास माणसं मेली असं आजचे बहुतेक लोकसंख्या-अभ्यासक धरतात. घरची मंडळी इथे चटकन म्हणतात: दुष्काळ सगळीकडेच होता. होता. कझाकस्तानात सुमारे पंधरा लाख मेले, लोकसंख्येच्या मानाने युक्रेनपेक्षाही जास्त. त्यासाठी सारा कॅमेरन यांचं ‘द हंग्री स्टेप’ (2018) वाचा. पण मग क्रमही लावा. 7 ऑगस्ट 1932: सामूहिक शेतातलं धान्य चोरल्यास मृत्युदंडापर्यंत शिक्षा. 18 नोव्हेंबर: कोटा न भरणाऱ्या युक्रेनी गावांना काळ्या यादीत टाकून मीठ-काडेपेटीपर्यंतचा पुरवठा बंद. 22 जानेवारी 1933: युक्रेन आणि शेजारच्या रशियातल्या कुबानमधल्या शेतकऱ्यांनी बाहेर पडू नये म्हणून नाकेबंदी. या तीन तारखा एका ओळीत लिहिल्या की ‘सगळीकडेच होता’ हे वाक्य तेवढं सोपं राहत नाही. ठरवून केला की धोरणाच्या हट्टाने झाला, यावर इतिहासकार आजही भांडतात. अ‍ॅन अ‍ॅपलबॉम यांचं ‘रेड फॅमिन’ (2017) एका बाजूला आणि डेव्हिस-व्हीटक्रॉफ्ट यांचं ‘द इयर्स ऑफ हंगर’ (2004) दुसऱ्या बाजूला ठेवून तळटिपा ताडून बघा. 1943 च्या बंगालबद्दल चर्चिलला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणाऱ्या आपल्या लोकांनी 1933 साठी स्टालिनला हवामानाचा दाखला देऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

सोव्हिएत काळातलं पुस्तक कसं वाचायचं हे शिकायला अनातोली कुझनेत्सोव यांच्या ‘बाबी यार’इतकं चांगलं साधन मला माहीत नाही. 29 आणि 30 सप्टेंबर 1941 या दोन दिवसांत नाझींनी कीव्हच्या बाबी यार या घळीत 33,771 ज्यू मारले. लेखक त्याच शहरात वाढलेला. 1966 मध्ये ‘यूनोस्त’ मासिकात पुस्तक आलं, कापून. 1969 मध्ये लेखक लंडनला निसटला आणि 1970 मध्ये पूर्ण आवृत्ती निघाली, तीन प्रकारच्या छपाईत. साधा टाइप म्हणजे 1966 ला छापलेला मजकूर, ठळक टाइप म्हणजे सेन्सॉरने उडवलेला, चौकटी कंसात नंतर घातलेला. आधी फक्त साधा टाइप वाचत जा: एक रीतसर, फॅसिझमविरोधी, मान्यताप्राप्त पुस्तक तयार होतं. मग ठळक ओळी वाचा: कीव्हचा मुख्य रस्ता, ख्रेश्चातिक, सोव्हिएत बाजूने पेरलेल्या स्फोटकांनी उडाला, त्याआधीच्या दुष्काळात माणसांनी माणसं खाल्ली. काय उडवलं गेलं हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की घरच्या कपाटातली गुळगुळीत कागदाची ‘प्रगती’ची पुस्तकं निरागस राहत नाहीत. खोटी ठरत नाहीत ती, फक्त साध्या टाइपातली आहेत हे लक्षात येतं.

टॉलस्टॉय नको असं कुठे म्हणतोय मी? एकटा नको. जोडीने वाचा. बुल्गाकोव कीव्हमध्ये 1891 ला जन्मला. ‘द व्हाइट गार्ड’मध्ये 1918 च्या हिवाळ्यातलं कीव्ह आहे, दिव्याच्या शेडसकट, आणि त्या उबदार घरातल्या माणसांना बाहेरून येणारे युक्रेनी सैनिक आणि त्यांची भाषा हास्यास्पद आणि भयंकर वाटते. ते मिटून वालेरियान पिदमोहिल्नी यांची 1928 ची ‘मिस्तो’, म्हणजे ‘शहर’, उघडा, इंग्रजीत मिळते. तेच कीव्ह, काही वर्षांनंतरचं, पण आता खेड्यातला मुलगा बोटीने शहरात उतरतो आणि शहर आपलं करायला बघतो. पिदमोहिल्नींना 3 नोव्हेंबर 1937 रोजी वायव्य रशियात, करेलियातल्या सांदरमोखच्या जंगलात गोळी घातली. काही दिवसांत तिथे सोलोव्कीच्या छावणीतले 1,111 कैदी मारले गेले. त्यांत नाटककार कुलिश होते, दिग्दर्शक कुर्बास होते, कवी झेरोव होते. ‘युक्रेनीत टॉलस्टॉयच्या तोडीचं कोण आहे?’ असा प्रश्न तिकडून आला की मी आता ही तारीख पाठवतो.

गोगोलचंही असंच. ‘तारास बुल्बा’ 1835 मध्ये एक आणि 1842 मध्ये दुसरी, जास्त लांब, जास्त झारनिष्ठ. कुठली आवृत्ती हातात आहे ते आधी बघा. वासिली ग्रोसमन युक्रेनमधल्या बेर्दिचिवचा, लिहिणारा रशियनमध्ये. ‘लाइफ अँड फेट’ची हस्तलिखितं 1961 मध्ये केजीबीने टंकयंत्राच्या रिबिनीसकट उचलून नेली. आज आंद्रेय कुर्कोव कीव्हमध्ये राहून कादंबऱ्या रशियनमध्ये लिहितात, सेर्ही झादान खार्किवमध्ये राहून युक्रेनीत. कुर्कोवना कुठल्या कप्प्यात लावायचं? भाषेवरून देश ठरवणाऱ्याची इथे फजिती होते. 1 डिसेंबर 1991 च्या सार्वमतात 90 टक्क्यांहून अधिक लोकांनी स्वातंत्र्याला मत दिलं, त्यांत रशियन बोलणारं दोनेत्स्क होतं, आणि क्रिमियातही 54 टक्के पडले.

जर्मन लोक यात फार पुढे आहेत असं दाखवायचा मोह होतो. रिंगबानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, समोरच्याच्या हातात झादान दिसतो, शाळेच्या पालकसभेला दोन युक्रेनी आया असतातच. पण त्रेप्तोवच्या सोव्हिएत सैनिकांच्या स्मारकावर ‘रशियन सैनिक’ म्हणणारे आजही इथलेच, आणि त्या लाल सैन्यात लाखो युक्रेनी होते. पूर्व युरोपचा इतिहास म्हणजे मॉस्कोचा इतिहास, ही सवय इथल्या विद्यापीठांनाही होती. नताशा वोडिन यांना आपल्या आईचा, मारियुपोलहून गुलाम मजूर म्हणून जर्मनीत आणलेल्या बाईचा, माग काढणारं पुस्तक लिहायला 2017 उजाडलं. फरक एवढाच की इथे चूक उघड झाली तेव्हा लोक ग्रंथालयात गेले. हे वाक्य जरा शिष्ट आहे, मान्य. तिकडेही गेलेच असतील, मला दिसत नाहीत.

माझ्या चिडण्याचं खरं मूळ मात्र इतिहासात नाही, भाषेत आहे. रशियाचे गृहमंत्री वालुयेव यांच्या 1863 च्या परिपत्रकात असं बजावलं होतं की वेगळी ‘लघु-रशियन’, म्हणजे युक्रेनी, भाषा नव्हती, नाही आणि असू शकत नाही. 1876 च्या एम्स फर्मानाने युक्रेनी पुस्तकं बाहेरून आणणं आणि युक्रेनी नाटकंही बंद केली. मग पुस्तकं ऑस्ट्रियाच्या हद्दीतल्या लेंबर्गला, म्हणजे त्याच ल्विवला छापली जाऊ लागली. ‘रशियनचीच एक बोली’ हे शब्द घरून आले की अंगावर येतात, कारण इथे आमच्या भाषेबद्दल हेच विचारलं जातं: मराठी म्हणजे हिंदीची बोली ना? बारा-पंधरा वर्षांत उत्तर पाठ झालंय: वेगळी भाषा, आठ कोटींहून अधिक बोलणारे, सातशे वर्षांहून जुनं वाङ्मय. समोरचा मान डोलावतो, पुढच्या वेळी परत तेच. युक्रेनसाठी भांडताना मी किती युक्रेनसाठी भांडतो आणि किती त्या मान डोलावणाऱ्याशी, हे मला नीट सांगता येणार नाही.

आणि इथे घरची मंडळी माझी पंचाईत करू शकतील, अजून त्यांना सुचलेलं नाही. 16 जानेवारी 1967 च्या गोव्यातल्या सार्वमताच्या वेळी कोकणी ही मराठीची बोली, असं छातीठोकपणे म्हणणारे आमच्याच घरातले होते. साहित्य अकादमीने 1975 मध्ये तिला स्वतंत्र भाषा मानल्यावरही ते म्हणतच राहिले. कोकणीवर बंदी आम्ही घातली नव्हती, ती 1684 मध्ये पोर्तुगिजांनी घातली, हे मला सांगता येतं आणि मी ते लगेच सांगतो. युक्रेनी व्याकरणाचं पुस्तक माझ्या मेजावर आहे, विभक्तीच्या सात रूपांसकट. कोकणी लेखक शणै गोंयबाबांचं मात्र एकही पान मी वाचलेलं नाही. ते देवनागरीत आहे.