बुरशी, उकिरडा आणि लातूरचं ऊन: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

ओल्या कचऱ्याचं खत करायच्या डब्यात ट्रायकोडर्मा, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या बुरशीची पावडर टाका, असं मी लिहिलं आणि तुम्ही मला चांगलंच फैलावर घेतलंत. घरात दम्याचं लेकरू असताना बुरशी मुद्दाम कशाला वाढवायची, आजीच्या उकिरड्यात कुठं पावडर लागायची आणि लातूरच्या उन्हात ती जगणार तरी कशी, असं तुम्ही विचारलंत.

दम्याची काळजी अगदी रास्त आहे. खतात ॲस्परजिलससारख्या बुरशीही वाढतात आणि कोरडं खत उकरलं की त्यांचे बीजाणू उडतात. म्हणून डबा खिडकीपासून लांब ठेवा, हलवण्याआधी पाणी शिंपडा, मास्क लावा. लेकराला त्या वेळी जवळ येऊ देऊ नका.

उकिरड्याचं मात्र मला पटत नाही. त्यात शेण, गोठ्यातलं भुसकट, माती पडायची आणि बुरशी त्यांच्यासोबतच यायची. शिवाय खत शेतात जायचं ते पेरणीच्या तोंडावर, तोवर त्याला महिनोन्‌महिने मिळायचे. फ्लॅटमधल्या डब्यात नुसती देठं आणि कलिंगडाच्या साली. पाणी सुटतं, हवा कोंडते आणि हवेवाचून जगणारे जिवाणू माजतात. तुम्हाला येतो तो आंबूस वास त्यांचा.

बुरशी आपले तंतू देठात, पाचोळ्यात, तुराटीच्या तुकड्यात घुसवते आणि आतलं चिवट सेल्युलोज फोडते. ट्रायकोडर्मा आधी पांढऱ्या जाळीसारखा पसरतो, मग हिरवा पडतो. तो हिरवा थर बघून लोक डबाच ओतून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. लाकडाला कडक करणारं लिग्निन मात्र त्याला फारसं पचत नाही, ते धिंगरी अळिंबीला (ऑयस्टर मशरूमला) पचतं. म्हणून जवळपास कुणी सोयाबीनच्या भुसकटावर धिंगरी घेत असेल तर काढणी संपलेला बेड मागून आणा आणि चुरून डब्यात मिसळा, पावडरीचा खर्च वाचेल. पावडरच हवी असेल तर परभणीच्या कृषी विद्यापीठात चौकशी करा. घेताना मुदतीची तारीख बघा, कारण मेलेल्या बुरशीचा काही उपयोग नाही.

उन्हाचं तुमचं खरं आहे. पारा 40 च्या वर गेला की ट्रायकोडर्माची वाढ जवळपास थांबते. पत्र्याखाली डबा नकोच. सावलीत ठेवून वर ओलं गोणपाट टाका, त्याला डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी पुरतं. आणि मोठा ढीग लावणार असाल तर तो आतून तापतो. ती धग उतरल्यावरच बुरशी टाका.

आता तुमच्या वास मारणाऱ्या डब्याचं. सगळं गोणपाटावर उपसा, डब्याच्या तळाला भोकं पाडा, कचऱ्याइतकाच सुका पाचोळा किंवा भुसकट मिसळून परत भरा. मूठभर घेऊन दाबलं तर जेमतेम एखादा थेंब निघावा, धार लागली तर अजून सुकं घाला. वास ओसरला की मगच चमचाभर ट्रायकोडर्मा गुळाच्या पाण्यात कालवून वरून शिंपडा.