‘त्यात काय एवढं?’ विचारणाऱ्या वाचकास

निनावी महोदय (किंवा महोदया),

दोन डिजिटल कॅमेऱ्यांची न्याय्य तुलना किती अवघड असते आणि मी अजून फिल्म का सोडत नाही, या लेखावर आपण लिहिलंत: ‘काका, रडगाणं पुरे. एकच लेन्स, एकच आयएसओ, दोन्ही कॅमेऱ्यांनी फोटो काढा, झाली तुलना. त्यात काय एवढं?’ पुढे फिल्मची किंमत, बंद पडलेल्या लॅब, ओरखडे, आणि माझे फिल्मवरचे फोटोही शेवटी स्कॅन होऊनच इथे येतात, हेही आहेच.

‘काका’ला हरकत नाही, केस पिकलेत. पण मतभेद सांगायला एवढीच भाषा शिल्लक होती का? स्वतःचं नाव झाकून दुसऱ्याचं वय काढणं फार सोपं असतं. असो.

एक मान्य करतो, नाहीतर म्हणाल म्हातारा हट्टी आहे. अंधारात डिजिटल पुढे आहे. ३२०० आयएसओला (आयएसओ म्हणजे प्रकाशाला किती संवेदनशील, त्याचा आकडा) आजचा साधा कॅमेरा जे देतो, ते ४०० ची फिल्म कितीही पुश केली, म्हणजे कमी उजेडात वापरून जास्त वेळ धुतली, तरी मिळत नाही.

आता तुमचं ते एक वाक्य. ‘एकच लेन्स.’ ठीक, ॲडॅप्टर मिळतात, लावली. पण एक सेन्सर (फिल्मच्या जागी प्रकाश टिपणारी चिप) ३६ बाय २४ मिलिमीटरचा आणि दुसरा एपीएस-सी, म्हणजे त्याहून लहान मापाचा असेल, तर ५० मिलिमीटरची लेन्स त्या दुसऱ्यावर साधारण ७५ सारखी बघते. चौकट जुळवायला मागे सरकलात की चेहरा आणि मागची भिंत यांतलं प्रमाण बदललं. न सरकता मोठ्या सेन्सरचा फोटो कापलात तर त्याचे निम्म्याहून जास्त पिक्सेल गेले. शिवाय सेन्सरपुढची काच सगळ्यांची सारख्या जाडीची नसते, त्यामुळे काही वाइड लेन्सचे कोपरे एका बॉडीवर खणखणीत आणि दुसरीवर पुसट येतात. दोष कोणाच्या नावावर लिहिणार?

‘एकच आयएसओ’ तर आणखी गंमत. डिजिटल कॅमेऱ्यांचं मानक, आयएसओ १२२३२, आकडा ठरवायच्या एकाहून अधिक रीती चालवून घेतं, आणि त्यातल्या एका रीतीत कंपनीला जे एक्स्पोजर योग्य वाटेल तोच आधार. दोन्हीकडे ८०० लिहिलेलं, शटर तेच, ॲपर्चर तेच, तरी एक फोटो उजळ आणि दुसरा दबलेला येऊ शकतो. मग उजळ तो चांगला, असंच ना? वर २४ आणि ४५ मेगापिक्सेलचे फोटो तुम्ही स्क्रीनवर शंभर टक्क्यांवर बघणार, म्हणजे दुसरा जास्त मोठा करून बघणार, आणि मग त्यातला नॉइज, म्हणजे रंगीत दाणे, मोजणार.

हे मी यूट्यूब बघून सांगत नाही. सांगलीत एका स्टुडिओत उमेदवारी केली आहे, हायपोत (फोटो पक्का करायच्या रसायनात) हात घातलेत, निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग केलंय. नंतर डिजिटलवरही लग्नाच्या ऑर्डरी केल्या. आपण कधी लाल शालूचा फोटो काढलाय? लाल चॅनेल भरून जातो आणि पदरावरची वीण सपाट लाल होते, हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यावरचा उजेडाचा आलेख, मात्र शहाण्यासारखा दिसत असतो. हळद एक कॅमेरा लिंबाकडे नेतो, दुसरा केशरीकडे.

उलट फिल्मचा कॅमेरा निकॉन एफएम२ घ्या नाहीतर पेन्टॅक्स के१०००, आत ट्राय-एक्स ही कृष्णधवल फिल्म भरली की दोन्हीकडे ट्राय-एक्सच. बॉडीचं काम लेन्स धरायची, शटर उघडायचं. लेन्स वेगळी तपासा, फिल्म वेगळी तपासा. डिजिटलमध्ये सेन्सर, रंगांचं गणित, नॉइज घासून काढणं, सगळं एकाच खोक्यात येतं. रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, काढा म्हणाल. बहुतेक सेन्सरवर कोडॅकच्या ब्राइस बायर यांची रंगीत फिल्टरांची मांडणी असते, पेटंट १९७६ चं: निम्मे फिल्टर हिरवे, पाव लाल, पाव निळे. म्हणजे प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो, उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरतात. रॉच्या बाबतीत तो अंदाज तुमचं सॉफ्टवेअर करतं. सॉफ्टवेअर बदला, हळद पुन्हा बदलेल. तुम्ही नेमकं कोणाला मार्क देताय, कॅमेऱ्याला की सॉफ्टवेअरला? फिल्म मी का सोडत नाही, ते एवढ्यावरून कळत नसेल तर माझा इलाज नाही.

बाकी किरकोळ. किंमत: खिसा माझा आहे. लॅब: कृष्णधवल रोल मी घरीच धुतो. ओरखडे: निगेटिव्ह नीट हाताळा. आणि स्कॅनचं म्हणाल, तर त्यावर प्रिंट पुढ्यात ठेवून समोरासमोर बोलावं लागेल, आणि आपण तर नावसुद्धा सांगत नाही.