वेदनेचा दर 1986 चाच

अमेरिकेत लसीमुळे झालेल्या इजेच्या भरपाईचे दावे लढवणाऱ्या एका छोट्या वकिली कार्यालयात मी साहाय्यक आहे, आणि दावा निकाली निघाल्यावर वकिलाच्या फीचा जो स्वतंत्र अर्ज करावा लागतो, तो तयार करणे माझ्याकडे असते. त्यात प्रत्येक कामाची नोंद तासाच्या दशांशात, म्हणजे सहा-सहा मिनिटांत करायची. रुग्णालयाच्या नोंदी वाचून त्यांचा सारांश काढला, तर पॅरालीगलच्या, म्हणजे वकिलाच्या कायदेशीर कामातल्या साहाय्यकाच्या, दराने पैसे. त्याच नोंदी क्रमाने लावून न्यायालयाच्या संकेतस्थळावर चढवल्या, तर ते कारकुनी काम ठरून शून्य. वकिलाने विमानात काम न करता नुसता प्रवास केला, तर बहुधा निम्मा दर. या सगळ्यावर जो काथ्याकूट चालतो, तो पाहून डोक्यात तिडीक जाते.

माझा राग फी मिळते म्हणून नाही. दावा हरला तरी तो प्रामाणिकपणे आणि वाजवी आधारावर केलेला असेल, तर वकिलाला फी मिळू शकते, आणि अशिलाकडून वर एक पैसाही घेता येत नाही. हे कलम नसते, तर गरीब माणसाचा दावा कोणी हातात धरला नसता. हा पैसा लसीच्या प्रत्येक मात्रेवर, ती जितक्या रोगांपासून वाचवते त्या प्रत्येकामागे 75 सेंट कर लावून जमवलेल्या निधीतून येतो. (महाराष्ट्र मंडळात ‘तुम्ही तर त्या बिचाऱ्यांच्या भरपाईतून कापून घेता’ असे ऐकवणाऱ्यांनी एवढे तरी वाचावे.)

संताप येतो तो पुढच्या आकड्याने. 2015 मध्ये स्पेशल मास्टरांनी, म्हणजे हे दावे निकाली काढणाऱ्या न्यायालयीन अधिकाऱ्यांनी, वीस वर्षांहून अधिक अनुभवी वकिलासाठी तासाला 350 ते 425 डॉलर हा पल्ला वाजवी मानला, आणि त्यानंतर हे दर किंमत-निर्देशांक पाहून वर्षागणिक वाढत गेले. वाढायलाच हवेत, घरभाडे कोणाला चुकले आहे? पण ज्याचा हात खांद्याच्या वर जात नाही, जो गियाँ-बारे हा मज्जातंतूंचा आजार होऊन व्हीलचेअरला खिळला आहे, त्याच्या वेदना आणि मनस्तापाची कमाल भरपाई 1986 च्या कायद्याने 250,000 डॉलर ठरवली, आणि ती आजही तेवढीच आहे. मृत्यूपोटीही तेवढेच. उपचारांचा खर्च आणि बुडालेले उत्पन्न वेगळे मिळते, हे खरे. पण त्या अडीच लाखांचे मोल टिकवायचे, तर आज जवळजवळ तिप्पट रक्कम लागेल. वकिलाच्या तासाला महागाई लागते आणि रोग्याच्या यातनेला लागत नाही, हा कुठला न्याय?

आणि कोविडची लस घेतलेल्यांच्या वाट्याला तर हेही नाही. त्यांचे दावे वेगळ्या योजनेत जातात. तिथे न्यायालय नाही, वेदनेची भरपाई नाही आणि वकिलाच्या फीची तरतूदच नाही. शिवाय मुदत लस घेतल्यापासून एका वर्षाची, त्यातले कित्येक महिने नेमके काय झाले आहे याचे निदान होण्यातच जातात. म्हणून कोणाचा फोन आला की आमचा पहिला प्रश्न इजा किती झाली हा नसतो, लस कोणती घेतली हा असतो. उत्तर ‘कोविडची’ असे आले, की वकील न देता फक्त अर्जाच्या पानाचा पत्ता सांगून फोन ठेवायचा, आणि ते काम माझे.