जुन्या गाडीचे मूळ इंजिन काढून टाकण्यापूर्वी

जुन्या क्लासिक गाड्यांविषयीचा एक मजकूर वर्षानुवर्षे एकाकडून दुसऱ्याकडे जात आहे आणि अशी गाडी नुकतीच घरी आणलेल्या जवळजवळ प्रत्येकाला तो कोणीतरी पाठवतोच. त्याचा आशय असा : पन्नास-साठ वर्षांपूर्वीची गाडी मुळातच बेभरवशाची असते, तिच्या कार्बोरेटरला (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाला) आणि प्लॅटिनम पॉइंटना (ठिणगीसाठी प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांना) दर आठवड्याला हात लावावा लागतो, आजचे पेट्रोल तिचे इंजिन खराब करते, गर्दीत ती तापणारच आणि तिची वायरिंग कधी ना कधी जळणारच, म्हणून ती रोज चालवायची असेल, तर मूळ इंजिन काढून तिथे आजच्या एखाद्या गाडीचे इंजिन बसवावे, नाहीतर तिला झाकून ठेवावे. हा मजकूर प्रमाण मानून चालू स्थितीतली पूर्ण गाडी खोलणारे आणि पुढे ती अर्धवट सोडून देणारे लोक मी पाहिले आहेत, त्यामुळे त्यातल्या विधानांना एकेक करून उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान मुळातल्या बेभरवशाचे. ज्या गाड्यांना आज आपण क्लासिक म्हणतो, त्या आपल्या काळात टॅक्सी म्हणून, डॉक्टरांच्या रात्रीच्या फेऱ्यांसाठी आणि टपाल पोहोचवण्यासाठी रोज वापरात होत्या. अमेरिकेतील इर्व गॉर्डन या शिक्षकांनी १९६६ मध्ये व्होल्वो पी१८००एस ही गाडी नवी विकत घेतली आणि २०१३ मध्ये तिचे ३० लाख मैल, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटर, पूर्ण केले. त्या गाडीला दोन कार्बोरेटर होते. गॉर्डन यांचे उदाहरण अपवादात्मक आहे हे मला मान्य आहे, पण त्यांच्या गाडीची रचना तिच्या पिढीतल्या इतर गाड्यांपेक्षा काही वेगळी नव्हती. वेगळे होते ते ठरलेल्या अंतराला ठरलेले काम न चुकता करणे.

मजकूर लिहिणाऱ्याच्या अनुभवात तथ्य नाही असे मात्र मी म्हणणार नाही. जुनी गाडी घेतलेल्या माणसाला पहिल्या काही महिन्यांत ती खरोखरच वारंवार बंद पडताना दिसते. प्रश्न कारणाचा आहे. आज आपण जी गाडी विकत घेतो, ती कारखान्यातून बाहेर पडलेली गाडी नसते. तिच्यावर पाच-सहा दशकांच्या दुरुस्त्यांचे थर चढलेले असतात आणि त्यातल्या बऱ्याच दुरुस्त्या ‘आज संध्याकाळी घरी पोहोचले पाहिजे’ एवढ्याच हेतूने केलेल्या असतात. माझी स्वतःची १९६० च्या दशकातली चार दारांची गाडी आली, तेव्हा तिच्या पेट्रोलच्या नळीत तीन वेगवेगळ्या मापांचे रबरी तुकडे जोडलेले होते, थर्मोस्टॅटची (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणाऱ्या झडपेची) जागा रिकामी होती आणि मागच्या दिव्याची वायर नुसती पीळ देऊन वर टेप गुंडाळून जोडलेली होती. या तिन्ही गोष्टींपैकी एकही गाडीच्या मूळ रचनेत नव्हती, आणि त्या पूर्ववत केल्यावर त्यांच्यामुळे होणारा त्रास पुन्हा झाला नाही.

आता कार्बोरेटर आणि पॉइंट. पॉइंटची फट नेमून दिलेल्या मापाची, बहुतेक चार सिलिंडरच्या गाड्यांत ०.४ मिलिमीटरच्या आसपास, ठेवली, डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाच्या) कॅमवर ग्रीसचे बोट लावले आणि दांडा ज्यात फिरतो तो बुश झिजलेला नसला, तर ती फट सुमारे ५,००० किलोमीटरपर्यंत तपासावी लागत नाही. दर आठवड्याला ती बिघडत असेल, तर बुश ढिला झालेला असतो किंवा कंडेन्सर (पॉइंटना जळण्यापासून वाचवणारा छोटा भाग) निकामी होत असतो, आणि हल्ली मिळणाऱ्या स्वस्त कंडेन्सरांचा दर्जा इतका घसरला आहे की नव्या सुट्या भागावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, असे मी आवर्जून सांगतो. ज्यांना हेही नको असेल, त्यांना डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखाली पॉइंटच्या जागी बसणारे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल लावता येते. काम तासाभराचे आहे, बाहेरून काही बदल दिसत नाही आणि जुने पॉइंट डिकीत ठेवले, तर मॉड्यूल गेलेच तरी रस्त्यातच ते परत बसवून पुढे जाता येते.

कार्बोरेटरला तर बहुधा दुसऱ्याच्या चुकीची शिक्षा मिळते. माझी गाडी सुरुवातीला वीस मिनिटे उत्तम चालायची, मग मिस मारत बंद पडायची आणि दहा मिनिटे थांबले की जणू काही झालेच नाही अशी पुन्हा सुरू व्हायची. तीन वेळा कार्बोरेटर उघडून साफ झाला, जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रे) फुंकून झाले, कॉइल बदलून झाली. शेवटी टाकीतली नळी बाहेर काढली, तेव्हा तिच्या तोंडाशी असलेल्या जाळीवर गंजाच्या बारीक पापुद्र्यांचा तपकिरी थर दिसला. पंप चालू असताना ते पापुद्रे ओढले जाऊन जाळीला चिकटत आणि पेट्रोल अडत असे. गाडी थांबली की ओढ संपून ते खाली बसत आणि वाट मोकळी होत असे. टाकी उतरवून आतून साफ केली, नळ्या बदलल्या आणि पंपाच्या आधी फिल्टर लावला. त्यानंतर त्याच कार्बोरेटरला मी वर्षातून एकदाच हात लावतो.

पेट्रोलविषयीच्या विधानात दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ आहे, शिसे नसणे आणि इथेनॉल असणे. शिशाचे संयुग पेट्रोलात मिसळले की इंजिनाचा ठोका थांबतो, हे थॉमस मिजली यांनी जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत १९२१ मध्ये शोधून काढले आणि १९२३ पासून असे पेट्रोल विकले जाऊ लागले. त्याआधीची सगळी इंजिने शिशाविनाच चालत होती. शिशाचा आनुषंगिक फायदा असा होता की, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक यांच्यामध्ये शिशाच्या संयुगांचा पातळ थर बसत असे आणि तापलेले धातू एकमेकांना चिकटून झिजत नसत. हा थर गेल्यावर बिडाच्या हेडमधली मऊ बैठक झिजू शकते, हे खरे आहे. पण ती झीज प्रामुख्याने दीर्घकाळ जास्त वेगाने आणि जास्त भाराखाली चालवल्यास होते, शहरातल्या साध्या वापरात ती फार हळू होते. शिवाय ती मोजता येते. व्हॉल्व्ह बैठकीत खाली जात असेल, तर एक्झॉस्टच्या टॅपेटची (व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यातली) फट दर वेळी कमी झालेली आढळते. ती स्थिर असेल, तर चिंतेचे कारण नाही. फट सारखी कमी होत असेल, तर हेड उतरवून कठीण धातूच्या बैठका बसवून घ्याव्यात, म्हणजे तो विषय कायमचा संपतो. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये तर वेगळ्या धातूच्या बैठका पहिल्यापासूनच बसवलेल्या असतात.

इथेनॉलबाबत मी अधिक सावध आहे, कारण इथे मजकुरातली भीती निराधार नाही. इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबराला फुगवते आणि ठिसूळ करते, हवेतले पाणी शोषून घेते आणि टाकीत साठलेला जुना चिकट थर सुटा करून फिल्टरपर्यंत आणते. परंतु यातून निघणारा निष्कर्ष इंजिन बदलण्याचा नसून रबर बदलण्याचा आहे. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची प्रत्येक रबरी नळी, पंपाचा पडदा, कार्बोरेटरमधल्या सुईचे टोक आणि सील इथेनॉल सोसणाऱ्या साहित्याचे घालावेत. हे काम पुढे ढकलू नये, कारण तापलेल्या इंजिनावर गळणारी नळी हा गाडीला आग लागण्याचा सर्वांत सरळ मार्ग आहे. इथेनॉलमुळे मिश्रण थोडे पातळ होते, म्हणून स्पार्क प्लगचा रंग पाहून गरज पडल्यास मुख्य जेट एका मापाने मोठा करावा. आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये, कारण पाणी ओढलेले पेट्रोल टाकीच्या तळाशी गंज धरते. झाकून ठेवण्याचा सल्ला नेमका इथे उलटा पडतो.

तापण्याविषयी थोडक्यात. कारखान्यातून निघालेली गाडी भर उन्हाळ्यात गर्दीत चालावी अशाच हिशेबाने तिचा रेडिएटर बनवलेला असतो. आज ती तापते, कारण रेडिएटरच्या निम्म्या नळ्या क्षाराने बुजलेल्या असतात आणि ब्लॉकमध्ये, विशेषतः मागच्या सिलिंडरभोवती, गंजाचा गाळ घट्ट बसलेला असतो. वेल्श प्लग (ब्लॉकच्या बाजूची पत्र्याची बुचे) काढून तो गाळ खरवडून धुवावा, रेडिएटरचा गाभा नवा घालावा आणि झाकण योग्य दाबाचे आहे ना ते पाहावे, कारण अर्धा बार दाब धरणारे झाकण पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १११ अंशांपर्यंत नेते, तर ढिले झाकण तो १०० वरच ठेवते. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो चुकीचा आहे. त्यामुळे इंजिन आवश्यक तापमानाला लवकर येत नाही आणि सिलिंडर लवकर झिजतात. ठिणगीचे मागे पडलेले टायमिंगही गाडी तापवते, आणि तिथे बघायला फार कमी जण जातात.

वायरिंगच्या बाबतीत बहुतेक वेळा दोष अर्थिंगचा असतो, आणि हे पाहायला एक साधा मल्टिमीटर पुरतो. माझ्या गाडीचा सेल्फ जड फिरायचा. आधीच्या मालकाने सेल्फची मोटर एकदा आणि बॅटरी दोनदा बदलली होती. मी इग्निशन तोडून सेल्फ मारायला सांगितले आणि मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर व दुसरे इंजिनाच्या ब्लॉकवर धरले. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवे होते, दिसले १.४ व्होल्ट. म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतले एवढे व्होल्ट इंजिन आणि चासी यांना जोडणाऱ्या एका पट्टीतच वाया जात होते. पट्टी वरून शाबूत दिसत होती. तिच्या टोकाच्या लगच्या आत मात्र तांब्याच्या तारांची हिरवी भुकटी झाली होती. नवी पट्टी लावून, तिच्याखालचा रंग खरवडून पत्रा उघडा केल्यावर तेच मोजमाप ०.१ व्होल्टवर आले आणि तोच सेल्फ झटक्यात फिरू लागला.

हेडलाइट मंद असण्याचे कारणही असेच. बल्बला मिळणारा व्होल्टेज १० टक्क्यांनी घटला, तर प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी घटतो, आणि जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा प्रवाह डॅशबोर्डवरच्या स्विचमधून जात असल्याने तेवढी घट सहज होते. दोन रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे स्विच) लावून प्रवाह बॅटरीकडून थेट न्यावा, म्हणजे स्विचही तापत नाही. अनेक जुन्या गाड्यांत संपूर्ण वायरिंगला मिळून दोनच फ्यूज असत. वायरिंग जळण्याची भीती तिथून आलेली आहे आणि प्रत्येक सर्किटला स्वतंत्र फ्यूज दिल्याने ती दूर होते. मूळ वायरींवरचे आवरण बोटाने वाकवल्यावर तडकत असेल, तर मात्र तुकडे जोडत बसू नये, पूर्ण वायरिंग नवी घालावी.

मजकुरात ज्याचा उल्लेखच नाही आणि ज्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते, ते म्हणजे ब्रेक. भरवशाची गाडी म्हणजे सुरू होणारी गाडी, असे त्यात गृहीत धरलेले दिसते. माझ्या मते थांबणारी गाडी आधी. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते : डॉट ४ प्रतीचे ताजे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते, आणि उतारावर तापलेल्या ब्रेकमध्ये ते उकळले की पेडल थेट तळाला जाते. जुने रबरी होज आतून फुगून बंद होतात. ब्रेक लागतो, पण सुटत नाही, आणि एका चाकाचा ड्रम हाताला चटका देतो. होज, व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर आणि गंजलेल्या नळ्या एकदमच बदलाव्यात. एकाच सर्किटचे (एक नळी फुटली की चारही चाकांचे जाणारे) ब्रेक असतील आणि त्या गाडीला जुळणारा दुहेरी मास्टर सिलिंडर मिळत असेल, तर तो अवश्य बसवावा. टायरच्या कडेवरील चार आकडी तारखेतून तो कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी बनला हे कळते. नक्षी शाबूत दिसली तरी वय झालेला टायर रस्त्यावर नेऊ नये. एवढे सगळे करूनही जुनी गाडी अपघातात आजच्या गाडीइतके संरक्षण देत नाही, आणि ज्याला ती रोज चालवायची आहे त्याने हे स्पष्टपणे समजून घेऊनच चालवावी.

राहिला इंजिन बदलण्याचा सल्ला. नवे इंजिन बसवले की त्याच्यासोबत गिअरबॉक्स, माउंटिंग, प्रॉपेलर शाफ्टची लांबी, रेडिएटर, सायलेन्सर, जास्त दाबाचा पेट्रोल पंप आणि संगणकासह नवी वायरिंग हे सगळे येते; वाढलेल्या ताकदीला मूळ डिफरन्शियल आणि ब्रेक पुरतील का, हा प्रश्न शेवटी येतो आणि बहुधा तिथेच काम अडते. अशा गाडीला कोणतेही वर्कशॉप मॅन्युअल लागू पडत नाही. ती रस्त्यात बंद पडली, तर ज्याने ती जोडली त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणालाही दोष शोधणे अवघड जाते, आणि भरवशासाठी केलेल्या बदलाने नेमका भरवसाच कमी होतो. शिवाय सडलेली टाकी, हिरवी पडलेली अर्थिंगची पट्टी आणि फुगलेले ब्रेक होज हे सगळे नव्या इंजिनाभोवती जसेच्या तसे राहतात. ज्या इंजिनाचे सुटे भाग जगात कुठेच मिळत नाहीत किंवा ज्याचा ब्लॉक फुटलेला आहे, तिथे दुसरे इंजिन घालणे योग्यच आहे. पण तसे आहे की नाही हे मोजून ठरवावे. इंजिन गरम असताना सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आतला दाब) घ्यावे. आकडे एकमेकांच्या जवळ आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेत असतील, गरम इंजिनाचा ऑइल प्रेशरही तिथे दिलेल्या आकड्याइतका असेल, तर त्या इंजिनाला हात लावण्याचे कारण नाही. एखादा आकडा कमी आला, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे : आकडा वर आला तर पिस्टनच्या रिंग झिजलेल्या आहेत, नाही आला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट पाहावे लागेल.